'झोप' आणि तिची क्रियापदे : डोक्याच्या सौम्य दुखापतीनंतरचा वैद्यकीय संवाद

अर्थच्छटांचा अभ्यास केवळ साहित्याच्या आस्वादापुरता उपयोगी नसतो. रुग्णाने योजलेल्या क्रियापदावरून उपचाराची दिशा ठरू शकते. या उपघटकात आपण त्याचे एक उदाहरण पाहू.

संदर्भ

दुचाकीवरून पडून डोक्याला मार बसतो. जखम दिसत नाही, सीटी स्कॅनमध्येही काही आढळत नाही. बेशुद्धी ३० मिनिटांपेक्षा अधिक नसेल, आघातानंतरचा विस्मरणाचा काळ २४ तासांच्या आत संपला असेल आणि ग्लासगो कोमा श्रेणीवर १३ ते १५ गुण असतील, तर मेंदूची ही इजा 'सौम्य' मानतात. हे विशेषण आघाताच्या प्रारंभिक तीव्रतेचे आहे, नंतरच्या त्रासाचे नव्हे. अनेकांची झोप पुढे कित्येक आठवडे, क्वचित महिनेही बिघडलेली राहते.

विवेचन

'झोप नीट होत नाही' या वाक्यात भिन्न तक्रारी दडलेल्या असतात.

१. झोप येते, पण लागत नाही : 'येणे' ही पेंग जाणवण्याची अवस्था, तर 'लागणे' हे प्रत्यक्ष निद्रेत जाणे. ही निद्रानाशाची तक्रार होय. तीत विचार व सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धती प्रथम सुचवली जाते.

२. झोप येतच नाही, पण उशिरा आली की गाढ लागते : येथे शरीराचे घड्याळ पुढे सरकलेले असू शकते. प्रकाशाच्या आणि उठण्याच्या वेळा बदलणे हा येथील उपाय असतो.

३. झोप मोडते : वेदना, चिंता वा दुःस्वप्ने यांचा शोध घ्यावा लागतो.

४. झोप पुरत नाही : रात्रभर झोपूनही दिवसा झापड येत असेल, तर घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे यांची तपासणी आवश्यक ठरते.

या सर्वांना एकच झोपेची गोळी लागू पडत नाही. आधीच मंदावलेली स्मृती व एकाग्रता तिने अधिक मंदावू शकते.

'झोप' आणि 'गुंगी'

हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. झोपलेला मनुष्य हाक मारताच जागा होतो व सुसंगत बोलतो. दुखापतीनंतर रुग्ण सहज जागा होत नसेल, असंबद्ध बोलत असेल किंवा वारंवार उलट्या करत असेल, तर 'झोपला आहे, झोपू द्या' असे म्हणणे घातक ठरू शकते. ती गुंगी असते. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

'डोळा लागणे', 'झोप उडणे' आणि 'झापड येणे' या प्रयोगांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.