अत्याचारग्रस्त कुटुंब आणि आपलं शहर: काही गैरसमज

1 जून 2023 च्या संध्याकाळी नांदेड शहराला लागून असलेल्या बोंढार हवेलीत, लग्नाच्या वरातीच्या वेळी, एका बौद्ध तरुणाचा भोसकून खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा कुटुंबाचा आरोप आहे. अशा घटनेनंतर मोर्चे निघतात, पुढारी भेटून जातात. मग शहर आपापल्या कामाला लागतं आणि कुटुंबाची खरी फरपट सुरू होते. त्या फरपटीत आपण कुठे उपयोगी पडू शकतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. कारण मध्ये गैरसमज उभे आहेत.

गैरसमज: ही दोन पोरांची भांडणं असतात, जात नंतर चिकटवली जाते.

भांडणाचं निमित्त काहीही असो, मार कुणाला आणि कशासाठी बसला ते पाहावं लागतं. मराठवाड्याला हे नवं नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि काही दिवसांतच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे या दलिताची हत्या झाली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडलं.

गैरसमज: आधी चौकशी, मग अॅट्रॉसिटीचा गुन्हा.

ठाण्यात हेच सांगून माणसाला परत पाठवलं जातं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक (अॅट्रॉसिटी) कायद्यात 2018 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 18-अ स्पष्ट आहे: गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेसाठी कुणाच्या मंजुरीचीही नाही. तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. फिर्याद घेण्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, कलम 4 खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. फिर्याद द्यायला निघालेल्या माणसासोबत हे माहीत असलेलं कुणीतरी ठाण्यात बसलं, तर त्याला धीर येतो.

गैरसमज: सरकारने आठ लाख दिले, आता काय राहिलं?

सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. 2016 च्या नियमांप्रमाणे खुनाच्या प्रकरणात सव्वाआठ लाख रुपये मिळतात. निम्मे शवविच्छेदनानंतर, उरलेले दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. पण यादी तिथे संपत नाही. विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा पाच हजार रुपये मूळ पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता, घरातल्या एकाला नोकरी, मुलांचं पदवीपर्यंतचं शिक्षण, गरज असल्यास जमीन आणि घर. तीन महिन्यांचं धान्य, डाळी आणि भांडीसुद्धा त्यात आहेत. ही दया नव्हे, नियमाने ठरलेला हक्क आहे. तरीही तो मिळवायला समाजकल्याण कार्यालयात अर्ज, कागद, पाठपुरावा लागतो, आणि मातीआड माणूस गेलेल्या घरात ते करायला त्राण उरत नाही. शहरातल्या शिक्षकाने, निवृत्त कारकुनाने एका कुटुंबाची फाईल हातात घेतली तरी पुष्कळ झालं.

तारखेला येण्याचा प्रवासखर्च साक्षीदारालाही मिळतो, म्हणून एसटीचं तिकीट जपून ठेवायला सांगा. स्त्रियांना आणि साठीपुढच्या माणसांना सोबत आणलेल्या व्यक्तीचा खर्चही मागता येतो.

गैरसमज: आरोपी सुटले, म्हणजे केस खोटी होती.

1 ऑक्टोबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याला मर्यादा घालणारा आपलाच 2018 चा निकाल फिरवताना या समजुतीला धक्का दिला. तपासातली ढिलाई आणि फिरलेले साक्षीदार, यांनीही केस पडते. ज्याच्या शेतात मजुरीला जायचं, त्याच्याविरुद्ध गावात राहून साक्ष द्यायची, हे शहरात बसून कळणं अवघड आहे. म्हणून कलम 15-अ ने साक्षीदाराला संरक्षण आणि पीडिताला जामिनाच्या सुनावणीत बोलण्याचा हक्क दिला. साक्षीच्या दिवसांत शहरात राहायला एक सुरक्षित खोली मिळाली, तर माणूस फितूर होण्याची शक्यता घटते, असं मला वाटतं.

गैरसमज: दलित-आदिवासी सोडून इतरांना काहीच आधार नाही.

धर्मामुळे जमावाच्या हाती सापडलेल्यांसाठी अॅट्रॉसिटीसारखा स्वतंत्र कायदा नाही, हे खरं. पण 17 जुलै 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी आणि पीडितांसाठी तीस दिवसांत अंतरिम मदत सांगितली आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 103(2) जात, समाज, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी आहे.

अॅट्रॉसिटी कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची दक्षता समिती दर तीन महिन्यांनी बसली पाहिजे. नांदेड आणि लातूरच्या वाचकांनी ती शेवटची कधी बसली, हे लेखी विचारावं. अत्याचाराची तक्रार 14566 या हेल्पलाइनवर करता येते. मोफत वकिलासाठी 15100 आहे, आणि जातीय अत्याचाराच्या पीडिताला तो उत्पन्नाची अट न लावता मिळतो. हे दोन्ही क्रमांक आपल्या वाडीवस्तीत, कॉलेजात, विहारात आणि मशिदीच्या फलकावर आजच लावा.