साल, नवस आणि रोडगे

मराठीत नववर्षावरचा लेख गुढीने सुरू होतो, मध्ये शालिवाहनाला नमस्कार करतो आणि कडुनिंबाच्या पानावर संपतो. दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षं हेच वाचत आलो. लिहिणारे बहुतेक पुण्या-मुंबईकडचे. त्यांच्या गुढीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'महाराष्ट्रात सर्वत्र' या दोन शब्दांना. अमरावती-अकोल्याच्या शेतकरी घरात वर्ष एकदाच सुरू होत नाही. सालदाराचं वर्ष पाडव्याला, पेरणीच्या विचाराचं आखाजीला, अडत्याच्या चोपडीचं दिवाळीत. आणि बायकापोरांच्या हिशेबातलं बहिरमच्या जत्रेत. हे शेवटचं पंचांगात नाही म्हणून अभ्यासकांच्या यादीतही नाही.

कारण सरळ आहे. चैत्रात वऱ्हाडी कास्तकाराचा खिसा रिकामा झालेला असतो आणि नांगरटीपासून बियाण्यापर्यंतचे खर्च समोर उभे असतात. त्या अवस्थेत माणूस गुढी उभारतो, पुरणपोळी खातो. पण त्याचा जीव सणात नसतो. आमच्याकडे घरात पैसा येतो कापसाने, आणि कापूस येतो दसऱ्यापासून पौषापर्यंत. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही व्हायची. दगड मांडून हळद-कुंकू, दहीभाताचा नैवेद्य, आणि मगच बाया ओटी बांधून तासात शिरायच्या. घराच्या आनंदाची खरी सुरुवात तिथून. ज्या प्रदेशाचं पोट कापसावर आहे त्याचं नवं वर्ष कापसाच्या गाडीमागून येतं, हे मी अनेक व्याख्यानांतून सांगितलं. एका विद्वान मित्राने त्यावर 'सण म्हणजे अर्थशास्त्र नव्हे' असं सुनावलं. त्यांना दरमहा पगार होता.

पाडवा मात्र मी सोडत नाही, तो सालामुळे. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत सालदार, म्हणजे वर्षभराचा शेतगडी, ठरायचा. बोलणी मारुतीच्या पारावर, चार माणसांसमोर. ज्वारी किती, रोख किती, कपड्याचा जोड, वहाणा, घोंगडी, सगळं तोंडी. "यंदा काय देता जी पाटील?" "तूच सांग ना गा." "पोरीचं लगन हाये, थोडी उचल द्या लागन." हा संवाद मी लहानपणी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याची चाल अजून कानात आहे. आज ज्याला नववर्षाचा संकल्प म्हणतात तो त्या शेवटच्या वाक्यात होता. यंदा पोरीचं लग्न करायचं, घरावर टिनं टाकायची, पोराला पुढं शिकवायचं. गावाने तो ऐकलेला असायचा आणि वर्षभर गाव विचारायचं.

यात गोडवा शोधू नका. उचल घेतलेला माणूस पुढच्या पाडव्याला मोकळा होईलच असं नसे. साल एकातून दुसऱ्यात वाहत जाई आणि संकल्प तसाच राही. आमच्या पिढीतले काही लेखक सालदारकीवर हळवं लिहितात, तेव्हा मला त्या उचलीची आठवण होते. आता सालाचा आकडा लाखाच्या वर गेला, सालदार मिळेनासे झाले, जमीन बटईने किंवा मक्त्याने जाते. बरंच झालं. फक्त पारावरची ती बोलणी गेली.

आखाजीबद्दल, म्हणजे अक्षय्य तृतीयेबद्दल, थोडक्यात. पितरांची घागर, पन्हं, सांजोऱ्या. सगळ्यांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात गोल घट आखून अठरा धान्यं मांडतात. मध्ये खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाचे चार महिने, त्यावर घागर, आणि राजाच्या गादीचा पानविडा. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास वाघ घराण्यातले महाराज काय हललं, काय फुगलं ते पाहून भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगितली जाते. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी विरोध करतात, आणि भाकिताच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे. पण घट पाहून परतणारी माणसं वाटेत बोलतात ती बियाण्याविषयी: यंदा तूर वाढवायची का, पऱ्हाटी किती एकर. पूर्वी तरी असंच होतं. आता वाहिन्यांना पावसापेक्षा राजाच्या गादीची काळजी जास्त.

मेळघाटातल्या कोरकूंचं वर्ष होळीला फिरतं. कामासाठी बाहेर पडलेली माणसं कुठूनही होळीला गावी येतात, पाच दिवस नाच, रस्त्यावर फगवा मागणं. तो माझा विषय नाही. ज्यांना कोरकू भाषा येते त्यांनी लिहावा.

दिवाळीपूर्वी, आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखोंचा समुदाय स्तब्ध उभा राहतो. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पोरांनी तंबाखू सोडली, दारू सोडली ती तिथून आल्यावर. सामुदायिक प्रार्थनेत माणूस उभा असतो, शेजारी त्याचा चुलता असतो, आणि सोडलेली गोष्ट चुलत्याला माहीत असते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता बहिरम.

परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यातलं हे ठिकाण. मध्य प्रदेशाची हद्द जवळच. टेकडीवर बहिरमबुवा म्हणजे भैरव. शेंदराने जाड झालेला. जत्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालते. इतकी लांब जत्रा दुसरीकडे कुठे आहे ते दाखवा, असं मी सभांतून म्हणत आलो. कोणी उठलं नाही. तिथी नाही, थेट इंग्रजी तारीख. म्हणजे पंचांगवाल्यांनी नाकं मुरडावीत अशीच योजना. पण या दीड महिन्यात कापसाची वेचणी निम्मी उरकलेली, तूर उभी, थंडी कडक आणि रविवार भरपूर.

आमच्या घरी बहिरमची तयारी म्हणजे आधी निरोप. लेकी-जावयांना, मोठ्या मावशीला, अकोल्याच्या काकांना. मग बैलगाडी, दमणी, तट्ट्या, कडबा, भांडी, गोवऱ्यांचं पोतं. राहुटी उभारायची, दोन-तीन दिवस तिथंच. एका चुलीवर मातीच्या हंडीत मटण, बाजूला गोवऱ्यांच्या आरात रोडगे. रोडगा करणं पुरुषांचं काम. कणकेच्या पाऱ्या तेल लावून एकीवर एक, मग गोळा, मग आरात. भाजल्यावर राख झटकून फोडायचा आणि तुपात बुडवायचा. शाकाहारी पंगतीला वांग्याची भाजी आणि वरण. आमचे आजोबा माळकरी. ते वेगळ्या चुलीजवळ बसून सगळ्यांना आग्रह करायचे. मटणाचा वास त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून वारा पाहून चुली मांडल्या जात. नात्यातली भांडणंही तिथेच मिटायची, कारण राहुटीत तोंड फिरवायला जागा नसते. सोयरिकी जुळायच्या. कोणाचं यंदा काय करायचं आहे हे आरासमोर बोललं जाई आणि आजी लगेच बहिरमबुवाला नवस बोलून टाके, ज्याचा त्याला विचारतसुद्धा नसे. काका मॅट्रिकला दोनदा नापास झाले तेव्हा नवस आजीचा होता, लाज काकांची आणि चौकशी साऱ्या खटल्याची. तिसऱ्या खेपेला पास झाले.

बहिरमला 'मटणाची सहल' म्हणणारा एक वर्ग अमरावतीतच आहे. त्यांना इतिहास सांगावा लागतो. इथे नवसाचे बोकड पडत. गाडगेबाबा या जत्रेत येऊन आधी झाडू मारत आणि मग कीर्तनात त्या बळीवर बोलत. देवासमोरचं कापणं थांबण्यामागे त्यांच्या कीर्तनांचा वाटा मोठा, हे आमच्याकडची जुनी माणसं एकमुखाने सांगत. बाबांचा हा आग्रह घरातून सुरू झालेला. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे डेबूजी जानोरकर. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू देण्याची जातीची रीत होती, ती मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं. कुटुंबाच्या समारंभात एकट्याने रीत मोडणं किती अवघड, ते ज्यांनी जातपंगत पाहिली त्यांनाच कळेल. १९०५ मध्ये घर सोडल्यावर ते कीर्तनांतून जन्मभर सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका. समोरच्याला प्रश्न विचारून सगळ्यांसमोर हो म्हणायला लावायची त्यांची पद्धत. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, गाडीत त्यांनी देह ठेवला. बहिरमची जत्रा उघडते तीच तारीख. दरवर्षी त्या दिवशी अमरावतीत समाधीवर गर्दी असते आणि तिकडे पायथ्याशी राहुट्या उभ्या राहू लागतात. दोन्हीकडे जाणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना यात विसंगती वाटत नाही, मलाही नाही.

आठवड्याने २७ डिसेंबर, पापळच्या भाऊसाहेबांची म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती. अकोल्याला त्यांच्या नावाच्या कृषी विद्यापीठात याच सुमारास प्रदर्शन भरतं. खेड्यातून माणसं सहकुटुंब येतात, बायका गृहोपयोगी दालनांत, पोरं ट्रॅक्टरवर, बाप वाणांची पत्रकं गोळा करत. भाऊसाहेबांनी १९५९ ला दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं होतं. ती हौस इकडे अजून टिकून आहे. पुढच्या हंगामाचा बेत इथे होतो. भेंडवळपेक्षा मला हे बरं वाटतं, पण गर्दीचा कल नेहमी माझ्या बाजूने नसतो.

आणि मग ३१ डिसेंबर. 'पाश्चात्त्यांचं अनुकरण' म्हणून दरवर्षी अग्रलेख पाडणाऱ्यांनी एकदा त्या रात्री शेगावला जावं. गजानन महाराजांच्या दर्शनाला रात्रभर रांग. अकोल्याहून पायी निघालेली पोरं पहाटे पोचतात, पायांना फोड, हातात मोबाइल, तोंडाने 'गण गण गणात बोते'. नोकरी लागू दे, 'नीट' परीक्षा निघू दे, कर्ज फिटू दे. दासगणूंच्या पोथीचे एकवीस अध्याय संकल्प सोडून वाचणाऱ्या बाया आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. इंग्रजी तारखेला इतकं मराठी रूप दुसरीकडे क्वचित मिळेल. त्याच रात्री अकोल्यातून, अमरावतीतून दुसऱ्या गाड्या भीमा कोरेगावकडे सुटतात. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेबांनी तिथल्या विजयस्तंभाला भेट दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अंबादेवी सत्याग्रहाच्या परिषदेसाठी ते अमरावतीला आले. पांढऱ्या कपड्यांतली ती कुटुंबं डबे घेऊन निघतात, आजीपासून नातीपर्यंत. नववर्षाच्या आढाव्यात ही दोन नावं एका परिच्छेदात का आणली, असं विचारणारे भेटतील. स्टेशन एक, रात्र एक. अजून काय हवं?

आता तक्रार. बहिरमला दमण्या दिसत नाहीत, ते समजू शकतो; बैलच कमी झाले. तमाशाचे फड बंद झाले, त्यावर मी रडणार नाही. पण आता चारचाकी येते, हॉटेलवाल्याला हंडीचा आकडा सांगितला जातो, दोन तासांत जेवून, फोटो काढून गाडी परत. रोडगेही विकत. राहुटीच नाही, तर आरासमोर बसणं कुठलं? बोकड परवडतो, सुट्टी परवडत नाही. माझा नातू पुण्याला असतो. त्याचा नववर्षाचा संकल्प त्याच्या फोनमध्ये आहे, पाणी किती प्यायचं, किती पावलं चालायचं. फोन त्याला आठवणही करतो. काय ठरवलंस विचारलं तर म्हणाला, "आबाजी, ते पर्सनल असतं." आमच्या आजीला हा शब्द समजावून सांगता आला नसता. तिने थेट नवस बोलला असता आणि मावशीला कळवून टाकला असता.

सगळंच बुडालं असं मात्र नाही. गेल्या काही वर्षांत परतवाड्या-अचलपूरकडची काही घरं पुन्हा एक रात्र राहू लागली आहेत, स्वतःची हंडी, स्वतःच्या गोवऱ्या घेऊन. त्यातल्या एका राहुटीत मला बोलावणं आलं. तिथल्या सूनबाई बँकेत नोकरीला. रोडगे त्याच भाजत होत्या आणि पुरुष वांगी चिरत होते. रोडगा पुरुषांचं काम हा माझा सिद्धान्त त्यांना ऐकवला, तर म्हणाल्या, "काका, बसा तिकडे, धूर लागन तुमाले." रोडगा उत्तम होता.

तेव्हा संपादकांना एवढंच सुचवायचं आहे. यंदा नववर्ष विशेषांक काढणार असाल तर छायाचित्रकाराला चैत्राची वाट पाहू देऊ नका. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी अमरावतीहून परतवाड्याच्या गाडीत बसवा, पुढे बहिरमला कोणीही सोडेल. मुक्कामी राहायचं असेल तर स्वेटर आणि गोवऱ्या सोबत आणायला सांगा. वांगी तिथे मिळतात.