मुतखडा आणि संकोच

शरीराच्या काही व्यथा अशा आहेत की, त्यांचा उच्चार करावयासही मनुष्य लाजतो. मूत्राशयातील खडा ही त्यांपैकी एक होय. ताप आला तर घरच्या मंडळींस तत्काळ कळते. परंतु लघवी मध्येच अडते, शेवटी कळ येते, क्वचित रक्त दिसते, हे सांगावयास वडीलधारे पुरुष महिनोन्महिने धजत नाहीत. आजाऱ्यांच्या भेटीस जाताना आम्हांस हे वारंवार दिसते. म्हणून या विषयावर मोकळेपणाने लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ख्रिस्तसभेने या व्यथेची लाज बाळगलेली नाही. चौथ्या शतकात आजच्या फ्रान्समधील ल मां नगरीचे बिशप असलेले संत लिबोरियस हे मुतखड्याने पीडितांचे आश्रयदाते मानले जातात. चित्रांत त्यांच्या हातातील ग्रंथावर लहान खडे दिसतात. ८३६ साली त्यांचे पवित्र अवशेष जर्मनीतील पाडरबोर्न येथे नेण्यात आले. तेथे आजही जुलै महिन्यात त्यांचा मोठा उत्सव होतो.

पूर्वीच्या रुग्णांना प्रार्थनेचे बळ खरोखरच लागत असे. आपल्याकडे सुश्रुताने खडा कापून काढण्याची क्रिया वर्णिली, तीही जोखमीची म्हणूनच. युरोपात भूल माहीत नसताना रोग्यास बांधून, बलदंड माणसांकडून धरवून ही शस्त्रक्रिया होई. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स १६५८ साली तीतून वाचला व पुढे दर वर्षी त्या दिवसाचे कृतज्ञतेने स्मरण करीत असे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ब्रदर कोम (१७०३-१७८१) या संन्यस्त बंधूने या शस्त्रक्रियेसाठी नवे हत्यार तयार केले आणि गरिबांसाठी रुग्णालयही चालविले. भगव्या वा काळ्या झग्याला ही सेवा कमीपणाची वाटली नाही, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

पुढे १८२४ साली पॅरिसमध्ये सिव्हियाल यांनी पोट न कापता, मूत्रमार्गातून यंत्र घालून खडा फोडून दाखविला. १८७८ साली अमेरिकेतील बिगेलो यांनी खडा फोडून त्याचे तुकडे एकाच बैठकीत धुऊन काढण्याची रीत घालून दिली. ही रीत लहान मुलांसाठीही योग्य आहे, हे सिद्ध करणाऱ्यांत आपल्या इंदूर शहरातील रेसिडेन्सी सर्जन कीगन हे अग्रणी होते. त्या काळी केवळ धान्यावर वाढलेल्या, दूधदुभते न मिळालेल्या गरिबांच्या मुलांत हा विकार फार असे.

आजचे लेसर हे त्याच मार्गावरील पुढचे पाऊल. पहिला लेसर १९६० साली तयार झाला. खडे फोडण्यासाठी होल्मियम जातीचा लेसर १९९० नंतर रुळला. कमरेत सुई देऊन अथवा पूर्ण भूल देऊन मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण मूत्राशयात नेतात. तिच्यातून काचेच्या तंतूसारखी एक बारीक तार खड्याजवळ आणतात. तिच्या टोकातून निघालेली प्रकाशशक्ती पाण्यात शोषली जाऊन खड्याचे चूर्ण वा तुकडे होतात, व ते धुऊन बाहेर काढतात. ती शक्ती पाण्यात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर जाते. म्हणून कुशल हाती आजूबाजूच्या भागास इजा होण्याचा संभव थोडा असतो. बाहेरून चीर पडत नाही. एकदोन दिवस लघवीची नळी व काही दिवस थोडी जळजळ, इतके सोसावे लागते. खडा फारच मोठा असल्यास मात्र आजही पोटावर चीर देणे डॉक्टरांस इष्ट वाटू शकते.

येथे एक गोष्ट विसरू नये. आज मूत्राशयातील खडा बहुधा वयस्क पुरुषांत, प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्राशय पूर्ण रिकामे न झाल्याने होतो. केवळ खडा फोडला आणि अडथळा तसाच ठेवला, तर तो पुन्हा बनावयाचा. तेव्हा मूळ कारणाचा उपचार डॉक्टरांस अवश्य विचारावा. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असल्यास तेही आधी सांगावे. लघवीत रक्त दिसले तर तपासणी टाळू नये. कारण ते दुसऱ्या गंभीर रोगाचेही लक्षण असू शकते. लघवी पूर्ण बंद झाली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चूर्णे घेत महिने दवडू नयेत.

कित्येक भाविक म्हणतात, “देवाने दिलेले दुःख सोसावे.” सोसण्यात पुण्य आहे खरे, परंतु २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांस उत्तर देताना, वेदनाशामक उपाय घेण्यास ख्रिस्ती मनुष्यास मोकळीक आहे, हे स्पष्ट केले. सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायातही वैद्याचा मान राखावा अशी शिकवण आहे. लाजेपोटी लपविलेली व्यथा म्हणजे क्रूस नव्हे. घरच्या मुलासुनांनी आपल्या वडिलांस या रविवारी हळुवारपणे विचारावे, आणि वडिलांनी खरे ते सांगावे, एवढीच आमची विनंती.