रस्त्याखालची मोरी

पावसाळा ऐन भरात आला की महामार्गाच्या कडेला लाल फडके बांधलेले एखादे पिंप उभे राहिलेले दिसते. पिंपामागे रस्त्याला भगदाड पडलेले असते आणि वाहनचालक डांबर टाकणाऱ्या कंत्राटदाराच्या नावाने बोटे मोडीत पुढे जातो. हा राग पुष्कळदा अस्थानी असतो. खड्डा वरून पडतो. भगदाड खालून पडते. त्याचे मूळ बहुधा भरावाखालच्या मोरीत असते, आणि ती मोरी बांधून झाल्यापासून कोणी डोकावून पाहिलेली नसते.

आपल्याकडे अशी मोरी बहुतेक ह्यूम पाइपची. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन केल्यापासून एका ऑस्ट्रेलियन संशोधकाचे हे नाव आमच्या गवंड्यांच्याही तोंडी बसले आहे. हे नळ मजबूत खरे. परंतु भराव बसू लागला की त्यांचे सांधे सरकतात, आणि भरतीचे पाणी जेथे पोचते तेथे काँक्रीटमधील सळ्या गंजतात. मोरी तुडुंब भरली की उघड्या सांध्यातून पाणी बाहेर मातीत शिरते आणि ओसरताना ती माती घेऊन आत येते. प्रत्येक सरीबरोबर थोडी थोडी माती वाहून जाते. पोकळी वाढत राहते, वरचा डांबरी थर कमानीसारखा काही काळ तग धरतो, आणि एके दिवशी खनिजाने भरलेल्या ट्रकखाली बसतो. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांशी चार महिन्यांत, झेलणाऱ्या गोव्यात या क्रियेला फारसा अवधी लागत नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे रस्ता खणणे. भराव पाच-सहा मीटर उंच असेल तर चर वरच्या तोंडाशी अख्ख्या रस्त्याहून रुंद होतो. वाहतूक वळवावी लागते. आणि पुन्हा भरलेली माती नीट न दाबल्याने तेथे कायमचा हेलकावा राहतो. खोदकाम म्हणजे काय, हे २०२३ आणि २०२४ साली शहरभर खणलेले रस्ते पाहिलेल्या पणजीकरांना सांगण्याची आवश्यकता नाही.

न खणता नळ दुरुस्त करण्याची विद्या आता नवी नाही. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वुड यांनी विटांच्या एका जुन्या गटारात तिचा पहिला प्रयोग केला. राळेत भिजविलेली जाड कापडी नळी गटारात नेली आणि तीच जागच्या जागी कठीण होऊन जुन्या गटाराच्या आत नवे गटार तयार झाले. आज हे काम गरम पाणी, वाफ किंवा अतिनील किरणांनी काही तासांत होते. दुसरी रीत अधिक साधी: जुन्या नळात प्लॅस्टिकचा अखंड नळ सरकवायचा आणि दोहोंमधली फट पातळ सिमेंटने भरायची. रस्ता चालूच राहतो. माणसे मोरीच्या दोन तोंडांशी काम करतात.

तथापि या पद्धतींचे स्तोम माजविण्याचा आमचा मानस नाही. नळात नळ घातला की व्यास घटतो. तो दहा टक्क्यांनी घटला तर वहनक्षमता जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी होते. आतील गुळगुळीतपणा ही तूट बरीचशी भरून काढतो, पण मोरीचे तोंडच लहान पडत असेल तर गुळगुळीतपणाचा काही उपयोग नाही. जी मोरी पहिल्यापासून अपुरी आहे, तिच्यापुढे शेते दरवर्षी बुडत आहेत, तिला अस्तर लावणे ही शुद्ध फसवणूक होईल. नळाबाहेरची पोकळी न भरता केवळ अस्तर लावले तरी भगदाड टळणार नाही. उथळ मोरी आणि तुरळक रहदारी असेल तर खणणेच स्वस्त.

आणखी एक गोष्ट. या राळेत पुष्कळदा स्टायरीन असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या वाहतूक खात्याने महामार्गाखालच्या अशा मोऱ्यांची पाहणी करविली, तेव्हा काही ठिकाणी लगतच्या पाण्यात ते आढळले. तो अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला आणि खात्याने कामाच्या अटी कडक केल्या. आमच्या मोऱ्या ओहळात, खाजनात, म्हणजे शेवटी मासळीच्या पाण्यात उघडतात. नळी शिजवून उरलेले पाणी तेथे सोडू नये, ही अट निविदेतच हवी.

गावकरीच्या काळात पावसाआधी बांध आणि मानशी तपासण्याचा रिवाज होता. महामार्गाच्या मोऱ्यांना असा वाली नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याने येत्या ऑक्टोबरात, पाणी ओसरताच, राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील प्रत्येक मोरीतून कॅमेरा फिरवावा, कोणत्या मोरीला अस्तर, कोणती मोठी करणे भाग, याची यादी प्रसिद्ध करावी आणि मे महिन्याच्या आत निदान सर्वांत धोक्याच्या मोऱ्यांचे काम उरकावे. चित्रफिती जनतेला पाहू द्याव्यात. आतला अंधार एकट्या अभियंत्यानेच पाहावा असे काही नाही.