दोनशे टँकर

मांजरीतल्या आमच्या सोसायटीच्या बोअरचा अहवाल आला. नायट्रेटसमोर लाल खूण होती. पाणी मात्र नितळ, ना वास ना चव. उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. म्हणून ते येतं कुठून हे बघायला मी कुंपणापलीकडच्या उसात गेले.

तिथे शेतीची पदवी घेतलेली एक मुलगी माती-पाण्याचे नमुने घेत होती. नमुन्याचं काम सोपं: वीतभर खड्डा, कडेची माती, त्यातली अर्धा किलो पिशवीत. अवघड होतं ते ऊसवाल्या काकांशी बांधावरचं बोलणं.

"काका, एकरी युरिया किती?"

"आठ गोण्या. शेजारचा ऊस काळाभोर, माझा पिवळा पडला तर?"

सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १००. युरियात नत्र ४६ टक्के. दुसरं कुठलंच खत धरलं नाही तरी पाच गोण्या पुरतात. वरच्या तीन गोण्यांतलं काही हवेत जातं; ओल्या सरीत आदल्या दिवशी फोकलेल्या युरियाचा तो दर्प अजून माझ्या नाकात आहे. बाकीचं नायट्रेट होऊन पाटपाण्याबरोबर खाली उतरतं. एरवी सगळं धरून ठेवणारी काळी माती नायट्रेटला धरत नाही.

मुलीने काकांच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट तपासायची पट्टी बुडवली. पट्टी गडद गुलाबी झाली. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. गोणीही नेमकी ४५ किलोची!

"एका गोणीतलं सगळं नत्र पाण्यात उतरलं, तर २० लाख लिटर पाणी या मर्यादेला पोचतं. दहा हजार लिटरचे २०० टँकर."

"दोनशे?" काकांनी दोनदा विचारलं. मग चिडले. "अन् कालव्यातून तुमच्या शहराचं पाणी येतं, त्यात नत्र नसतं व्हय?"

असतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीसाठी कालव्यात सोडतात. त्यातलं नत्र धरून गोणी कमी करा, असं काकांना कुणीच सांगितलं नव्हतं. २६६ रुपये ५० पैशांची गोणी हाच त्यांचा पीकविमा. माझा राग तिथेच ओसरला.

यंदा ते सहा गोण्यांवर यायला तयार झालेत, त्याही चार हप्त्यांत. दोनशे टँकरचा आकडा आता तेच बांधाबांधावर सांगतात. दिवाळीनंतर विहिरीत पुन्हा पट्टी बुडवायची आहे. तोवर आमचा बोअर फक्त बागेला आहे.