नाकात मांस वाढलंय? नेझल पॉलिप आणि त्यावरचे उपचार, सोप्या भाषेत

ज्यांना आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायचाय, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत, सांभाळून घ्या.

आजचा विषय सुरू होतो करपलेल्या दुधापासून. पुण्यात फ्लॅट शेअर करून राहत होते तेव्हाची गोष्ट. गॅसवर दूध ठेवलं आणि तिथेच किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. थोड्या वेळाने रूममेट आतल्या खोलीतून धावत आली. "अगं, वास येत नाही का तुला?" पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. मी चार फुटांवर बसले होते आणि मला खरंच काही आलं नव्हतं.

तोपर्यंत दीड वर्ष माझं नाक बंदच असायचं. धूळ आहे, एसी आहे, पुण्याची हवा आहे, अशी कारणं तयार होती. वरण आणि सांबार सारखंच लागायचं, त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. पण त्या दिवशी घाबरले. आज दूध होतं, उद्या गॅस लीक झाला तर? स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. ज्याला वासच येत नाही, त्याच्यासाठी ती धोक्याची घंटा वाजतच नाही.

मग नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे गेले आणि तिथे पहिल्यांदा शब्द ऐकला: नेझल पॉलिप. आपल्याकडे घरोघरी म्हणतात "नाकात मांस वाढलंय". सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. पण या आजाराबरोबर काही वर्षं काढली आहेत आणि एक मोठी चूकही केली आहे. ती पुढे सांगते.

पॉलिप म्हणजे नक्की काय?

आपल्या चेहऱ्याच्या हाडांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. कपाळात, गालांमागे आणि दोन्ही डोळ्यांच्या मधल्या भागात. या मधल्या पोकळ्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या लहान लहान कप्प्यांच्या असतात आणि बहुतेक पॉलिप तिथूनच उगवतात. नाकाच्या आणि सायनसच्या आतल्या ओल्या अस्तराला खूप महिने सूज राहिली की ते पाणी धरतं, फुगतं आणि खाली लोंबायला लागतं. सोललेल्या द्राक्षाचा घड डोळ्यासमोर आणा, साधारण तसंच दिसतं. फिकट, गुळगुळीत, हात लावला तरी न दुखणारं.

म्हणजे "मांस" हा शब्द तसा फसवा आहे. ही सुजलेलं अस्तर आहे, आणि सूज का आली हा खरा प्रश्न आहे. बऱ्याच जणांमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा नाकातच जास्त चिडलेली असते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात आणि सूज उतरूच देत नाहीत. म्हणूनच पॉलिप आणि दमा ही जोडी अनेकदा एकत्र दिसते. नाक आणि फुप्फुसं ही एकाच हवेच्या वाटेची दोन टोकं आहेत ना!

आणखी एक गोंधळ आधी मिटवू. "हाड वाढलंय" आणि "मांस वाढलंय" हे वेगवेगळे प्रकार आहेत. पहिल्यात बहुतेक वेळा नाकाचा मधला पडदा वाकडा असतो. शिवाय टॉर्च मारून आरशात जो गुलाबी फुगवटा दिसतो, तो बऱ्याचदा पॉलिप नसतोच. तो टर्बिनेट, म्हणजे प्रत्येकाच्या नाकात असलेला नेहमीचा भाग असतो. त्यामुळे आरशात बघून निदान करू नका.

ओळखायचं कसं?

नाक सतत चोंदलेलं, घशात मागून शेंबूड उतरणं, चेहऱ्यावर जडपणा, वास कमी होणं. हे सगळं १२ आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ती साधी सर्दी नाही, एवढं लक्षात ठेवा. सर्दी येते आणि जाते. हे जात नाही.

डॉक्टर एंडोस्कोपने, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेल्या बारीक नळीने, नाकात बघतात. आधी बधिर करणारा स्प्रे मारतात, काही मिनिटांचं काम असतं. डोळ्यांतून पाणी येतं, पण सहन होतं. ऑपरेशनचा विचार असेल किंवा शंका असेल तर सायनसचा सीटी स्कॅन करतात.

आता नीट ऐका. दोन्ही बाजूंचे साधे पॉलिप म्हणजे कॅन्सर नव्हे. पण एकाच नाकपुडीत गाठ असेल, त्यातून रक्त येत असेल, डोळा सुजला असेल किंवा दोन-दोन दिसत असेल, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. एका बाजूची गाठ वेगळ्या कारणाने असू शकते आणि ती तपासावीच लागते. लहान मुलात पॉलिप दिसले तरीही तसंच. मुलांमध्ये ते सहसा होत नाहीत, त्यामुळे झाले तर मागे सिस्टिक फायब्रोसिससारखा आजार नाही ना, हे डॉक्टर बघतात.

दुखण्याची गोळी घेण्याआधी थांबा

हा भाग एवढ्यासाठी जरी ऐकलात तरी चालेल. पॉलिप आणि दमा असलेल्या काही लोकांना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या अजिबात चालत नाहीत. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत नाक गच्च होतं, छाती भरते, दम्याचा जोरदार झटका येऊ शकतो. तो जिवावरही बेतू शकतो. या तिहेरी प्रकाराला सॅम्टर्स ट्रायड म्हणतात.

अडचण अशी की मेडिकलमध्ये "डोकं दुखतंय, काहीतरी द्या" म्हटलं की मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये दोन औषधं एकत्र असतात आणि त्यातलं एक नेमकं यांपैकी असतं. म्हणून पट्टीच्या मागे घटक वाचायची सवय लावा. आधी कधी अशा गोळीने श्वासाला त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. बहुतेकांना नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं, पण तुम्हाला काय चालेल हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

उपचार: पायरी पायरीने

*पहिली पायरी: नाक धुणं.* मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुतलं की चिकटलेला शेंबूड आणि धूळ निघते, आणि नंतरचं औषध जागेवर पोहोचतं. मेडिकलमध्ये बाटली आणि मोजून भरलेली पाकिटं मिळतात. पाणी मात्र उकळून गार केलेलंच. नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्यात क्वचित असा अमिबा असू शकतो, जो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. तोच अमिबा पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला तर हा त्रास होत नाही, पण नाकाची गोष्ट वेगळी आहे.

*दुसरी पायरी: स्टिरॉइडचा स्प्रे.* "स्टिरॉइड" म्हटलं की आईचा चेहरा पडतो, माहीत आहे. पण मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांसारख्या स्प्रेमधलं औषध रक्तात फारच थोडं जातं. ते नाकातल्या नाकात सूज उतरवतं. हा स्प्रे पॉलिपच्या उपचाराचा कणा आहे. दोन दिवसांत फरक पडत नाही, काही आठवडे रोज मारावा लागतो. लोक इथेच सोडून देतात.

आणि मारायची पद्धत! मी कित्येक महिने चुकीचा मारत होते. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. म्हणजे नळीचं तोंड आपोआप मधल्या पडद्यापासून दूर, कानाच्या दिशेला राहतं. पडद्यावर सतत फवारा बसला तर रक्त येतं. मारल्यावर जोरात सुर्रकन ओढायचं नाही. औषध घशात उतरून कडू लागलं तर समजा, ते नाकात राहिलंच नाही.

याच्याशी गल्लत करू नका ती नाक उघडणाऱ्या थेंबांची, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनची. दोन मिनिटांत नाक मोकळं, म्हणून ते फार आवडतात. पण पाचेक दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलटं जास्त बंद व्हायला लागतं आणि थेंबांशिवाय झोपच येत नाही. माझ्या बॅगेत, उशाशी, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अशा तीन बाटल्या होत्या. सूज होती तिथेच होती.

*तिसरी पायरी: स्टिरॉइडच्या गोळ्या.* प्रेडनिसोलोनचा छोटा कोर्स दिला की पॉलिप भराभर आकसतात. मला आठवड्याभरात फोडणीचा वास आला होता आणि मी किचनमध्ये उभी राहून रडले होते. पण हा परिणाम सहसा टिकत नाही, आणि वारंवार घेतल्या तर साखर, रक्तदाब, हाडं, डोळे या सगळ्यांवर त्याचा भार पडतो. वर्षातून एखाद-दुसरा कोर्स, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून परत परत घ्यायच्या या गोळ्या नाहीत.

*चौथी पायरी: ऑपरेशन.* स्प्रे नीट वापरूनही भागलं नाही तर. याला फेस किंवा एंडोस्कोपिक सायनस सर्जरी म्हणतात. पूर्ण भूल देतात, सगळं काम नाकपुडीतूनच होतं, चेहऱ्यावर एकही टाका नाही. कॅमेऱ्यात बघत पॉलिप काढतात आणि सायनसची तोंडं मोठी करतात. बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. धोके कमी, पण आहेत. सायनसला लागून एकीकडे डोळा आणि वरती मेंदू असतो, म्हणून सर्जन आधी सीटी स्कॅन बारकाईने बघतात.

पॉलिप उपटायचा प्रयत्न माणूस फार पूर्वीपासून करतोय. सुश्रुतसंहितेत "नासार्श" नावाने त्याचा उल्लेख आहे, आणि ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य दोऱ्याला स्पंज बांधून तो नाकातून मागे ओढून काढायचे. आपण नशीबवान!

माझी चूक

ऑपरेशननंतर मला मोगऱ्याचा वास आला, पावसाच्या मातीचा आला, लोकलमधल्या गर्दीचाही आला. वाटलं, सुटलो. नाक धुणं बंद. स्प्रे कपाटात. "काढून टाकलंय ना आता सगळं!" दीड वर्षाने आईने फोनवर विचारलं, "आवाज का गं असा बसलेला?" मी परत नाकात बोलायला लागले होते. कॅमेऱ्यात छोटे पॉलिप पुन्हा दिसले.

डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "ऑपरेशनने आपण रस्ता मोकळा केला. गाडी तर रोज तुम्हालाच चालवायची होती."

हे फक्त माझं रडगाणं नाही. बेल्जियममध्ये ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या एका छोट्या गटाला १२ वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचातल्या जवळजवळ चौघांना पॉलिप परत आलेले दिसले. पण पुन्हा ऑपरेशन लागलं ते साधारण ३७ टक्के लोकांनाच. दोन्ही आकडे एकत्र वाचा. पॉलिप परत येणं सामान्य आहे, आणि परत आले म्हणजे पुन्हा ऑपरेशनच, असंही नाही. पॉलिप काढता येतो, पण तो तयार करणारी सूज कापून काढता येत नाही. दमा किंवा डायबेटिससारखी ही सांभाळायची गोष्ट आहे.

नवीन इंजेक्शनं

गेल्या काही वर्षांत बायोलॉजिक औषधं आली आहेत. सूज पेटती ठेवणारे संदेशच ती अडवतात. अमेरिकेत पॉलिपसाठी डुपिलुमॅबला २०१९ मध्ये परवानगी मिळाली, ओमालिझुमॅबला २०२० मध्ये आणि मेपोलिझुमॅबला २०२१ मध्ये. ही इंजेक्शनं दर दोन किंवा चार आठवड्यांनी त्वचेखाली घ्यायची असतात. वारंवार परत येणारे पॉलिप आणि सोबत दमा असेल तर डॉक्टर याचा विचार करतात. अनेकांचा वास यामुळे परत आलाय. पण औषध खूप महाग आहे आणि बंद केलं की त्रास परतू शकतो. त्यामुळे खर्च किती महिने झेपेल, विमा काय देतो, हे सुरू करण्याआधीच मोकळेपणाने विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि वाफ? वाफेने बरं वाटतं, जरूर घ्या, सांभाळून. पण वाफेने पॉलिप विरघळत नाही. "नाकात औषध लावून मुळापासून जाळतो" म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. आत फार नाजूक जागा आहे.

डॉक्टरांकडे जाताना

फोनच्या नोट्समध्ये हे प्रश्न सेव्ह करून ठेवा:

– पॉलिप दोन्ही बाजूंना आहेत की एकाच?
– मला दमा आहे का, ते तपासायला हवं का?
– दुखण्यावर कोणती गोळी चालेल, कोणती नाही?
– स्प्रे माझ्यासमोर मारून दाखवाल का?
– ऑपरेशन केलं तर नंतर रोज काय करावं लागेल, आणि पुढची तपासणी कधी?

वास येत नसेल तर घरच्यांना सांगून ठेवा. गॅस डिटेक्टर बसवा, रात्री रेग्युलेटर बंद करा, उरलेल्या अन्नावर तारीख लिहा. गळतीची शंका आली तर एलपीजीचा आपत्कालीन नंबर आहे १९०६.

मी आता रोज सकाळी दात घासले की नाक धुते, मग स्प्रे. तीन मिनिटं लागतात. बारके पॉलिप अजून आहेत, पण दूध उतू जायच्या आधी मला कळतं.

तुमच्या ओळखीत कोणी वर्षभर "सर्दीच आहे रे" म्हणत नाकात बोलत असेल, तर त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मोकळा श्वास घ्या!