आत्याबाई, हात हलवा!

गाताना हात हलवू नये, असे आमच्या आत्याबाई शिकवणीच्या मुलींना चाळीस वर्षे बजावत आल्या. स्वतः गायला बसल्या की मात्र त्यांचा उजवा हात समोरच्या हवेत नक्षी काढत असे. आता त्यांचे वय शहात्तर. हात अधांतरी धरला की थरथरतो, आवाजही पूर्वीसारखा भरत नाही. गेल्या वर्षी "यंदा कोजागरीला मी गाणार नाही," असे त्यांनी जाहीर केले, तेव्हा शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात चहाचे कप तसेच राहिले.

आमचे चिरंजीव संगणकशास्त्र शिकतात. ते म्हणाले, "आत्याआजी, तू नुसता हात हलव. बाकीचे मी बघतो."

कल्पना अशी, की कॅमेऱ्याने हात पाहायचा, माईकने गाणे ऐकायचे. हात वर गेला की सुराला घुमारा मिळावा, खाली आला की तो विरावा. हवेत हात फिरवून स्वर काढण्याची हौस तशी जुनीच. रशियाच्या थेरेमिनने १९२० च्या सुमारास स्पर्श न करता वाजणारे वाद्य केले होते. मुंबईच्या आय. आय. टी.त प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानी गायकांचे हात आणि स्वर चित्रफितींवरून ताडून पाहिले आहेत. पण तिथे गाणे झाल्यावर सावकाश हिशेब मांडता येतो. इथे गाणे चालू असतानाच उत्तर हवे.

हात ओळखायला चिरंजीवांनी गूगलचे मीडियापाइप घेतले. ते एका हातावरच्या २१ जागा टिपते. आवाजासाठी मिलर पकेट यांचे प्युअर डेटा. दोन्ही फुकट, हे ऐकून माझा प्राध्यापकी जीव सुखावला.

घोडे अडले ते वेळेपाशी. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे देतो, तर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यावे लागतात. शिवाय हाताची थरथर घुमाऱ्यात उतरली आणि सूर शेळीसारखा बें बें करू लागला. मग चिरंजीवांनी दर वेळी मागल्या आठ चित्रांची सरासरी काढली. थरथर गेली, पण घुमारा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक मागे पडला. तेवढ्या अवधीत आवाज हवेतून सुमारे चाळीस मीटर जातो!

आत्याबाईंनी गाणे थांबवले. "हा माझ्या मागून कोण चालतोय?"

सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. ताण्याचे धागे उघडले की त्याच क्षणी धोटा गेला पाहिजे. मागाहून गेला तर सूत तुटते.

पंधरा दिवस चिरंजीव रात्री जागले. शेवटी २०१२ साली प्रसिद्ध झालेली 'वन युरो' नावाची एक युक्ती सापडली: हात स्थिर असेल तेव्हा जास्त गाळायचे, वेगाने हलला की कमी. घुमारा वेळेवर येऊ लागला. थरथर मात्र थोडी उरलीच. चिरंजीव हिरमुसले.

"राहू दे रे," आत्याबाई म्हणाल्या. "माझाच हात आहे. निदान माझ्याबरोबर तरी येतो."

कोजागरीला गच्चीवर त्या पाऊण तास गायल्या. मध्येच घुमारा भलताच वाढला. पाहतो तो त्यांची एक विद्यार्थिनी तल्लीन होऊन कॅमेऱ्याच्या वाटेत हात हलवत होती! आत्याबाईंनी तान न तोडता डोळे वटारले.